अनेक दिवसांच्या ट्रेकसाठी बायकांची सॅक: नेमकी कशी निवडायची?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी,
एक-दोन दिवसांच्या ट्रेकची सवय आहे. आता पाच-सहा दिवसांचा ट्रेक ठरतोय आणि टेंट, स्लीपिंग बॅग, शिधा असं सगळं आपापल्या पाठीवर न्यायचं आहे. आजवर भावाची ६५ लिटरची सॅक वापरत आले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खांदे असे भरून येतात की मान वळवायला त्रास होतो. हिप बेल्ट शेवटपर्यंत आवळला तरी सॅक खाली सरकत राहते आणि सगळा भार पुन्हा खांद्यांवर. छातीचा पट्टा नेमका नको तिथे येतो, ते बायकांना वेगळं सांगायला नको.

आता स्वतःची सॅक घ्यायची आहे. 'विमेन्स' म्हणून ज्या मिळतात त्यांत खरंच फरक असतो, की नुसता रंग बदलून विकतात? किती लिटरची घ्यावी? माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ५० किलो. पाठीचा जुना त्रास नाही. ज्यांनी वापरल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, एका ओळीत सुटका करून घेऊ नका.

चकोर
पहिली! जागा धरून ठेवतेय, रात्री सविस्तर लिहिते.

निवांत
लिटर आणि ब्रँड नंतर. आधी पाठ मोजून घ्या.

फिजिओ_ताई
निवांत यांना +१. पाऊलवाट, तुझा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

उंची आणि पाठीची लांबी या वेगळ्या गोष्टी आहेत. सारख्याच उंचीच्या दोन मैत्रिणींत एकीचे पाय लांब असतात, दुसरीची पाठ. सॅकचा साइज ठरतो तो पाठीवरून. मोजायचं असं: मान पुढे झुकव. मानेच्या मुळाशी एक ठसठशीत हाड हाताला लागतं, तो मानेचा सातवा मणका. तिथून सुरुवात. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेव की बोटं पुढे आणि अंगठे पाठीकडे. तळहाताखाली हाडाची जी कड लागते ती ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंच्या हाडाची वरची कड. दोन अंगठ्यांना जोडणारी सरळ रेष कण्याला जिथे छेदते तिथे माप संपतं. शिंप्याची मऊ टेप घे आणि कण्याच्या वळणावरून कुणाला तरी मोजायला सांग. स्वतःचं स्वतः मोजू नकोस, वाकलीस की माप बदलतं.

बहुतेक मोठ्या माणसांचं हे माप ३८ ते ५० सेंमीच्या आसपास येतं. तुझ्या उंचीला चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे येईल असा अंदाज आहे, पण अंदाजावर जाऊ नकोस. भावाच्या सॅकची पाठ तुझ्यापेक्षा लांब असणार. त्यामुळे बेल्ट हाडाच्या कडेवर बसण्याऐवजी खाली मांसल भागावर जातो आणि तिथे तो कितीही आवळला तरी टिकत नाही. तुझ्या खांद्यांचं दुखणं खांद्यांत नाही, कमरेशी आहे.

पाऊलवाट
बाप रे, हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. आज आईला टेप घेऊन बसवते.

उंचटाच
मी विरुद्ध बाजूने लिहिते. माझी उंची पाच फूट नऊ, पाठ ४९ सेंमी. दुकानात गेलं की विक्रेता नजरेनेच मला 'लेडीज' रांगेकडे वळवतो. तिथल्या सर्वांत मोठ्या साइजचा बेल्टही माझ्या पोटावर येतो. पुरुषांची मीडियम सॅक मला चपखल बसते आणि मी वर्षानुवर्षं तीच वापरतेय. तेव्हा 'बाई आहे म्हणून बायकांची सॅक' हे समीकरण मला मान्य नाही. अंगाला बसेल ती आपली.

देवराई
उंचटाच, अगदी सहमत. उलट उदाहरण देतो: आमच्या ग्रुपमधला एक मित्र अंगाने किरकोळ, खांदे अरुंद. तो खुशाल बायकोची सॅक घेऊन फिरतो आणि ती बिचारी त्याची घेऊन.

चकोर
आले. देवराई, त्या माउलीला स्वतंत्र सॅक घेऊन द्या आधी!

तर 'नुसता रंग बदलतात का' याचं उत्तर. रंग बदलून विकणारेही आहेत. पण ज्या कंपन्या हे काम मन लावून करतात त्यांच्या सॅकमध्ये तीन फरक हाताला लागतात. एक म्हणजे पाठीची लांबी कमी मापापासून सुरू होते. दुसरा, खांद्याचे पट्टे. ते मानेजवळ एकमेकांच्या जवळ असतात, रुंदीला कमी असतात आणि इंग्रजी 'एस'सारखे वळलेले असतात. म्हणजे छातीवरून सरळ न जाता बाजूने वळसा घेऊन काखेखाली उतरतात. पुरुषांचा सरळ पट्टा आपल्याला एक तर छातीवर दाबतो, नाहीतर खांद्यावरून घसरतो, मग छातीचा पट्टा करकचून आवळावा लागतो आणि श्वास कोंडतो. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक बेल्टचा. बायकांची कंबर ते नितंब हा भाग खाली रुंद होत जातो. चांगल्या बेल्टला तोच उतार दिलेला असतो, वरची कड आखूड आणि खालची लांब. सरळ बेल्टची वरची कड पोटात रुततेय आणि खालची मोकळी लोंबतेय, असं दिसलं तर ती सॅक आपल्यासाठी नाही.

नावं हवी असतील तर ऑस्प्रेची एरियल आणि ऑरा, ग्रेगरीची मेवन आणि देवा, डॉयटरची एसएल मालिका ही बायकांच्या मापाने बनवलेली मॉडेल्स. ऑराचा पुरुषी जोडीदार अ‍ॅटमॉस, एरियलचा ईथर, देवाचा बाल्टोरो. दोन्ही शेजारी ठेवून पट्टे बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

शेवंता
चकोर, वाचनखूण साठवली. ऑरा आणि एरियल यांत काय निवडू? दोन्हीत अडकलेय.

चकोर
शेवंता, ऑराची पाठ म्हणजे ताणून बसवलेली जाळी. पाठ आणि सॅक यांच्यात हवा खेळते, घाम कमी. मात्र त्या पोकळीमुळे ओझं पाठीपासून थोडं मागे जातं आणि खचाखच भरलेली सॅक मागे ओढतेय असं वाटतं. एरियल पाठीला जास्त चिकटून बसते आणि जड ओझ्याला जास्त भक्कम, पण रिकामी असतानाच दोन किलोंच्या पुढे जाते. उन्हातले ट्रेक आणि मध्यम ओझं असेल तर ऑरा. खूप दिवसांचा शिधा आणि थंडीचं सामान असेल तर एरियल.

पाथरवट
मला तर हा सगळा बाजारूपणा वाटतो. एमा गेटवूड या बाईंनी १९५५ साली वयाच्या ६७ व्या वर्षी अमेरिकेतली अ‍ॅपलॅचियन ट्रेल एकटीने पार केली, तीन हजार किलोमीटरच्या वर. खांद्यावर काय होतं? स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी! बेल्ट नाही, फ्रेम नाही. आणि आपण इथे जाळी की बिनजाळी यावर चर्चा करतोय.

रानजाई
पाथरवट, गेटवूडबाईंबद्दल अपार आदर. पण त्यांची खरी करामत पिशवीत काय नव्हतं यात आहे. टेंट नाही, स्लीपिंग बॅग नाही, पावसाला बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. ओझंच इतकं हलकं की बेल्टची गरज पडू नये. पाऊलवाट टेंट आणि पाच दिवसांचा शिधा घेऊन निघालीये. त्यांचं उदाहरण द्यायचंच तर 'सामान कमी करा' यासाठी द्या, 'कुठलीही सॅक चालेल' यासाठी नको.

पाथरवट
रानजाई, मुद्दा मान्य. हेच म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत.

देवराई
अवांतर: इतिहास निघालाच आहे तर सांगतो. जुन्या सॅकमध्ये सगळा भार खांद्यांवरच असायचा. डिक केल्टी या अमेरिकन माणसाने १९५२ च्या सुमारास घरच्या गॅरेजमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम आणि कमरपट्टा असलेल्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली. कापड शिवायची त्याची बायको, नीना. तिथून कमरेवर ओझं पेलायची पद्धत रुळली. मग १९६७ मध्ये ग्रेग लो याने फ्रेम सॅकच्या आत घातली, आज आपण वापरतो ती जात. म्हणजे केल्टीच्या त्या बेल्टवाल्या सॅकची शिलाई एका बाईच्या हातची.

रानजाई
देवराई, हे माहीत नव्हतं! नीनाताईंना सलाम.

पाऊलवाट
माप घेतलं. ४० सेंमी! आईने दोनदा मोजलं. मग भावाच्या सॅकची पाठ मोजली तर बेल्टपासून पट्ट्यांच्या जोडापर्यंत चांगली लांब निघाली. फिजिओ_ताई, तुम्ही न बघता ओळखलंत.

आता लिटरचं सांगा. भाऊ म्हणतो ६५ हवीच, मैत्रीण म्हणते ४५ पुरे.

निवांत
५० ते ५५.

रानजाई
निवांत यांनी नेहमीप्रमाणे तीन शब्दांत आटोपलं, मी थोडं पसरते.

मोठी सॅक घेतली की ती भरली जातेच. रिकामी जागा दिसली की 'असू दे' म्हणत आपण एक जादाचं जॅकेट कोंबतो. माझी पद्धत अशी: आधी सगळं सामान जमिनीवर मांडा, मग ते खोक्यात भरून किती जागा घेतं ते बघा, त्यानंतर सॅकचे लिटर ठरवा. स्लीपिंग बॅग आणि टेंट लहान घडी होणारे असतील तर ५० लिटरमध्ये पाच दिवस निभतात. जुनी फुगीर स्लीपिंग बॅग असेल तर ६० लागतील. कॅरीमॅट बाहेर बांधता येते, स्लीपिंग बॅग मात्र बाहेर बांधू नका. पावसात भिजली तर रात्र जागून काढावी लागते.

आणि वजनाचं गणित बायकांनी नीट समजून घ्यायला हवं. ढोबळ नियम असा की भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. पाऊलवाटचं वजन ५० किलो, म्हणजे दहा किलो. ८० किलोच्या माणसाला सोळा मिळतात. पण टेंटचं वजन कुणाच्या पाठीवर आहे हे बघून कमी होत नाही! दोघींचा टेंट, स्टोव्ह, पाणी यांचं वजन तेच राहतं. त्यात रिकामी सॅकच अडीच किलोंची घेतली तर दहातले अडीच गेले. नाकापेक्षा मोती जड. म्हणून आपल्यासारख्या हलक्या वजनाच्या बायकांना सॅकच्या वजनाकडे पुरुषांपेक्षा जास्त बारकाईने बघावं लागतं. सव्वा ते पावणेदोन किलोंत, फ्रेम आणि चांगला बेल्ट असलेली सॅक मिळते. ऑस्प्रेची एजा या हलक्या जातीतली.

देवराई
रानजाई, म्हणजे ग्रुपचं सामान सारखं वाटू नये?

रानजाई
मुळीच नाही. सारखे वाटे म्हणजे न्याय असं वाटतं, पण ५० किलोच्या मुलीला आणि ८० किलोच्या मुलाला तीन-तीन किलो दिले तर अंगाच्या वजनाच्या मानाने तिच्यावरचा भार दीडपटीहून जास्त पडतो. वजनाच्या प्रमाणात वाटा. आणि पोरींनो, 'मी पण तेवढंच उचलेन' या ईर्षेने गुडघे घालवू नका. शिखरावर पोचणं महत्त्वाचं आहे, टेंटचे खांब कुणी आणले ते नाही.

शेवंता
शेवटच्या परिच्छेदाला शंभर लाइक.

उंचटाच
मी ईर्षेने उचलते आणि मजेत असते. पण माझं वजन ७२ आहे, त्यामुळे रानजाईच्या नियमात बसतं. :)

फिजिओ_ताई
वजनाच्या नियमात एक भर. पाचवा हिस्सा ही सवय असलेल्या निरोगी व्यक्तीची मर्यादा समजा. गुडघा, कंबर किंवा हाडं ठिसूळ असण्याचा त्रास असेल, बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू अजून सावरले नसतील, तर आणखी कमी ठेवा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

दोन खुणा लक्षात ठेवा. चालताना हाताला मुंग्या येत असतील किंवा हात बधिर वाटत असेल तर खांद्याच्या पट्ट्यांचा दाब मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांवर येतोय. भार कमरेवर घ्या, पट्टे सैल करा. आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा जळजळ होत असेल तर बेल्ट फार घट्ट आहे किंवा चुकीच्या जागी आहे, तिथून मांडीकडे जाणारी त्वचेची नस दबते. दोन्ही 'होईल बरं' म्हणून सोडून देऊ नका, थांबून सॅक नीट लावा.

सुईदोरा
धागा वाचत होते, आता राहवलं नाही. मी सॅक दुरुस्त करते, त्यामुळे कुठली कशी फाटते ते बघते. घेताना पुढच्या गोष्टी दुकानातच तपासा.

खांद्याचा पट्टा सॅकला जिथे जोडलाय तिथे चौकोनात फुलीची शिलाई दिसली पाहिजे. एकेरी सरळ शिलाई असेल तर ती आज ना उद्या उसवणार. चेन भरलेल्या सॅकवर चालवून बघा, रिकाम्या सॅकवर सगळ्याच चेन मऊ चालतात. बक्कल मोडलं तर सुटं मिळतं का ते विचारा. काही बक्कलं पट्टा न उसवता बदलता येतात, तशी असतील तर उत्तम. वाटेत बक्कलावर पाय पडून ते फुटणं ही सर्वांत जास्त दिसणारी मोडतोड, म्हणून मुक्कामावर सॅक टेकवली की बेल्ट बंद करून ठेवा.

आणि आतला थर. सॅकच्या कापडाला आतून पाणी अडवणारा लेप असतो. ओलसर सॅक कपाटात कोंबून ठेवली की काही वर्षांत तो लेप चिकट होतो, त्याचे पापुद्रे निघतात आणि कुबट वास येतो. त्याला दुरुस्ती नाही. ट्रेकहून आलात की सॅक रिकामी करून, झटकून, सावलीत पूर्ण वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, पुन्हा पुन्हा सांगते, घालू नका.

निवांत
रेनकव्हर?

सुईदोरा
निवांत, असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वाऱ्यात उडतं, आणि पाठीकडची बाजू उघडीच असते. पाठीवरून ओघळणारं पाणी तिथूनच आत शिरतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात सगळं सामान भरायचं आणि तोंड पिळून बंद करायचं. साधा उपाय, पण कपडे कोरडे राहतात.

धुकं
मी आजवर फक्त वाचनमात्र होते, पहिल्यांदाच लिहितेय. पाळीच्या दिवसांत ट्रेक असेल तर बेल्टचं काय करता? माझं पोट फुगतं आणि बेल्ट सहन होत नाही. ग्रुपमध्ये विचारायला संकोच वाटतो.

रानजाई
धुकं, स्वागत आहे, आणि विचारलंस ते फार बरं केलंस. इथे संकोच नको.

बेल्ट मुळात पोटावर नसतोच, हाडाच्या कडेवर असतो. बक्कल बेंबीच्या बरंच खाली येतं. तरी त्या दिवसांत दाब जाणवतो. मी चढावर बेल्ट थोडा सैल करून खांद्यांवर थोडा भार घेते आणि सपाटीवर पुन्हा आवळते, असं आलटून पालटून. त्या दिवशी मैत्रिणीकडे किलो-दोन किलो सरकवायचं, त्यात कमीपणा नाही. सॅक घेताना बेल्टला दोन मोठे चेनवाले खिसे आहेत का ते बघ. पॅड किंवा कप, कागद, वापरलेलं ठेवायला अपारदर्शक पिशवी हे सगळं तिथे बसतं. सॅक उतरवून, वरचा कप्पा उघडून, सगळ्यांसमोर शोधाशोध करावी लागत नाही. वापरलेलं सगळं परत आणायचं, रानात पुरायचं नाही.

धुकं
मनापासून धन्यवाद. बेल्टचे खिसे हा विचारच केला नव्हता.

शेवंता
याच विषयात आणखी एक: बेल्टखाली काय घालता तेही महत्त्वाचं. ट्रॅकपँटच्या नाडीची गाठ बरोबर बक्कलाखाली येते आणि संध्याकाळी तिथे लालभडक वळ उठलेला असतो. नाडी बाजूला सरकवून चपटी बांधायची किंवा रुंद इलॅस्टिकची पँट घालायची. जीन्सचं मागचं लेबल, शर्टाची जाड शिवण, पाठीवर हुक असलेली ब्रा, सगळ्याचं तेच. बिनहुकाची स्पोर्ट्‌स ब्रा घालून सॅक ट्राय करा, दुकानात जाताना सुद्धा.

उंचटाच
आणि केस! सॅकची फ्रेम डोक्यामागे उंच आली की अंबाडा नेमका तिच्यावर आपटतो, मान वर करून कडा बघताच येत नाही. टोपीची कडही मागून ढकलली जाते. वेणी मोकळी सोडली तर लोड लिफ्टरच्या बक्कलात अडकते. खाली मानेशी घट्ट वेणी घालून ती पुढे घ्यायची. ट्राय करताना ट्रेकला बांधता तसेच केस बांधा.

पाऊलवाट
लोड लिफ्टर म्हणजे ते खांद्यावरचे छोटे पट्टे ना? त्यांचं काम काय, आजवर हातच लावला नाही.

चकोर
हो, तेच. खांद्याच्या पट्ट्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे तिरपे जातात. ओढले की सॅकचं डोकं पाठीकडे येतं. बाजूने बघितलं तर ते साधारण ४५ अंशांत वर जायला हवेत. आडवे किंवा खाली जात असतील तर सॅकची पाठ तुला आखूड पडतेय.

सॅक घालायचा क्रम पाठ करून ठेव. सगळे पट्टे सैल. सॅक वरच्या छोट्या मुठीला धरून आधी मांडीवर, मग एक हात, मग दुसरा. खांद्याच्या एका पट्ट्याला धरून कधीही उचलायची नाही. मग खांदे किंचित उचलून बेल्ट हाडाच्या कडेवर मधोमध बसव आणि आवळ. आता खांद्याचे पट्टे सॅक पाठीला टेकेपर्यंतच ओढ. मग लोड लिफ्टर हलकेच. छातीचा पट्टा शेवटी, छातीच्या वर, गळ्याच्या हाडाच्या थोडा खाली, जेमतेम ताण येईल एवढाच. बरोबर जमलं तर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात आणि भार कमरेवर उतरलेला जाणवतो.

बेल्ट आवळल्यावर दोन्ही गाद्यांची टोकं पुढे एकमेकींना टेकता कामा नयेत. मध्ये चांगलं चार बोटं तरी अंतर हवं. लांबच्या ट्रेकवर कंबर थोडी उतरते आणि तेव्हा आवळायला जागा उरली पाहिजे.

देवराई
ओढा ओलांडताना बेल्ट सोडायचा, हेही त्यातच जोडा. पाय घसरला तर सॅकमधून झटकन बाहेर पडता आलं पाहिजे.

पाथरवट
यावर मतभेद आहेत. बेल्ट सोडला की सॅक डुलते आणि डुलणारी सॅकच तोल घालवते. उथळ, संथ पाण्यात मी बांधूनच जातो.

देवराई
घोट्याएवढ्या पाण्यात चालेल. गुडघ्याच्या वर आणि ओढ असेल तर मी सोडूनच जाईन, आणि खरं म्हणजे तिथे ओलांडायचं की नाही याचाच आधी विचार करेन.

पाथरवट
हे मान्य.

सुईदोरा
मंडळी, सॅकवर परत या.

पाऊलवाट
येते परत. :) आज दोन दुकानांत जाऊन आले. पहिल्या ठिकाणी विक्रेत्याने रिकामी सॅक पाठीवर टाकून 'बघा, एकदम कम्फर्टेबल' म्हटलं. मी वजन घालून मागितलं तर तोंड वाकडं केलं. दुसरीकडे मात्र एका ताईने स्वतःहून वाळूच्या पिशव्या काढल्या, नऊ किलो घातले आणि म्हणाली, हवा तेवढा वेळ जिने चढा-उतरा.

तीन सॅक घालून बघितल्या. पहिली जाळीवाली. पाठीला मस्त, पण मला मागे खेचल्यासारखं वाटलं. दुसरीचे पट्टे छान, बेल्टच्या गाद्या मात्र पुढे एकमेकींना टेकत होत्या, चकोरचं वाचलं नसतं तर हे कळलंच नसतं. तिसरी ५० लिटरची, एक्सएस-एस साइज, पाठीची लांबी कमी-जास्त करता येते. ती ४० वर लावली आणि बेल्ट आवळला तेव्हा पहिल्यांदा कळलं की खांदे मोकळे राहणं म्हणजे काय. खरंच दोन बोटं गेली! पंचवीस मिनिटांनीही मान मोकळी होती. फक्त उजव्या बाजूला हाडावर किंचित टोचतंय. हे सवयीने जाईल की सॅकच चुकीची?

फिजिओ_ताई
पाऊलवाट, एकाच बाजूला टोचत असेल तर आधी बेल्ट दोन्हीकडून सारखा ओढला गेलाय का बघ. बहुतेक जण उजव्या हाताने जास्त ओढतात आणि बक्कल मध्यापासून सरकतं. बक्कल बेंबीच्या सरळ खाली, मधोमध आणून पुन्हा चाल. तरीही त्याच जागी टोचलं तर गादीचा आकार तुझ्या हाडाला जुळत नाही, ते सवयीने जाणार नाही. हाडावर हळूहळू जाणवणारा दाब चालेल, एका बिंदूवर टोचणं चालणार नाही.

रानजाई
आणि बाटलीच्या खिशाचं बघितलंस का? सॅक पाठीवर असताना हात मागे नेऊन बाटली काढता आणि परत ठेवता आली पाहिजे. खिसा पुढे झुकलेला असला की आपले हात पोचतात. नाही पोचले की आपण पाणी प्यायचा कंटाळा करतो.

पाऊलवाट
काढता आली, ठेवताना खटपट. पुन्हा जाते उद्या, टेप आणि बाटली घेऊन.

निवांत
शिधाही घेऊन जा, मुक्कामच करा दुकानात.

पाऊलवाट
निवांत :D

अपडेट: बक्कल मध्यावर आणलं, टोचणं गेलं. बाटली अर्ध्या लिटरची लहान घेतली तर परत ठेवताही येते. सॅक घेतली! आता टेंटचे खांब कुणाकडे द्यायचे ते रानजाईच्या नियमाने ठरवते. भाऊ ८४ किलोचा आहे.

शेवंता
अभिनंदन! आणि भावाला शुभेच्छा.

आभाळवेडी
उशिरा येतेय, पण विचारते. माझी मुलगी तेरा वर्षांची, अजून वाढतेय. तिच्यासाठी बायकांची एक्सएस घेऊ की मुलांची? दर वर्षी नवी घेणं जमणार नाही.

चकोर
आभाळवेडी, पाठीची लांबी कमी-जास्त करता येते अशीच घ्या आणि तिचं आजचं माप सरकत्या पट्टीच्या खालच्या टोकाशी येतंय का बघा, म्हणजे वर वाढायला जागा राहते. बेल्ट आज बसला पाहिजे, 'पुढे बसेल' म्हणून मोठा घेऊ नका. लिटर ३५ ते ४० च्या वर नको. आणि दुकानात तिला घेऊन जा, तिच्या जागी तुम्ही घालून बघू नका.

फिजिओ_ताई
चकोरला +१. वाढत्या वयात वजन आणखी कमी, शरीराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवा. आणि दर तीन-चार महिन्यांनी पाठ पुन्हा मोजून पट्टी सरकवा.